मामाचा बाण लागला होता

आमच्या बाबांचा नागपुरात सीताबर्डीवर पानठेला होता, आणि शाळा संपेपर्यंत ही गोष्ट मी कुणाला आपण होऊन सांगितली नाही. सांगायची गरजही नव्हती म्हणा, माझी बोटंच सांगायची. आई पहाटे पितळी पातेल्यात काताचे खडे शिजत घालायची आणि उकळी आली की मला हाक मारायची, "मंदे, फडकं धर वं." मग मी आणि ती दोन्हीकडून फडकं ताणून तो कात गाळायचो. कितीही जपलं तरी तो बोटांना लागायचाच, आणि एकदा लागला की साबण, राख, चिंच, कशालाच दाद द्यायचा नाही. शाळेतल्या पोरी मला कत्थेवाली म्हणायच्या. मी एकदोघींच्या वेण्या ओढल्या, पण नाव काही सुटलं नाही. घरात दिवसभर बाबांच्या अडकित्त्याची करकर चालायची, ओल्या गोणपाटात पानं गुंडाळलेली असायची, आणि सडकं पान वेगळं काढायचं काम माझं. आईचा बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात चुलीवर असला की त्याचा आणि काताचा वास एकमेकांत इतका मिसळून जायचा की मला बरीच वर्षं वाटायचं, गोळाभाताचा वासच तसा असतो.

बाबांना पानाबद्दल बोलायला फार आवडायचं. रस्त्यावरची पिंक बघून ते सांगायचे, हा कच्ची सुपारी खाणारा, ह्याच्या पानात चुना जास्त पडला, ह्यानं तंबाखू खाल्ली आहे. आई कपाळाला हात लावायची. "दुसऱ्याच्या थुंकीकडे काय पाहून राहिले तुम्ही? पोरीले पण तेच शिकवता!" मी शिकले मात्र. बर्डीवरून चालताना मीही मनातल्या मनात सांगत जायची. आता असं वाटतं, की दुसऱ्या मुली रांगोळी शिकत होत्या तेव्हा मी हे शिकत होते, आणि कुणी सांगावं, रांगोळीनं माझ्या मामाला वाचवलं असतं का?

मामा उमरेडच्या पुढच्या एका जंगलालगतच्या गावात राहायचा. लहानपणी बैलगाडीखाली सापडून त्याचा एक पाय अधू झालेला, त्यामुळे नांगर त्याच्यानं होत नसे, आणि स्वतःची जमीनही नव्हती. तो गावाचा राखणदार होता. रात्री शेतावरच निजायचं, हरणं, रोही, डुकरं शेतात शिरली की त्यांना हाकलायचं, आणि हाकलून ऐकलं नाही तर बाण मारायचा. त्या बदल्यात प्रत्येक खळ्यावरून त्याला धान्य मिळायचं, घर त्यावरच चालायचं. त्याचं धनुष्य बांबूचं, त्यानं स्वतः तासलेलं, आणि त्याच्याशी तो इतकं हळुवार वागायचा की मामी म्हणायची, "माह्याशी असं कधी वागले नाईत हे." आज असं कुणी केलं तर सरळ तुरुंगात जाईल, आणि जावंच. माझा नातू हे ऐकून माझ्याकडे असा बघतो, जणू मीच सगळं जंगल खाऊन बसले आहे. पण तेव्हा शिकारबंदीचा कायदा यायचा होता, आणि एका रात्रीत उभी तूर साफ झालेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली आहे.

मामाच्या मुलीचं, सुमनचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं त्या हिवाळ्यात मी मॅट्रिकला होते. नवऱ्या मुलाकडचे नागपूरचेच. मुलाचा बाप ठेकेदार होता आणि सगळे त्याला ठेकेदारच म्हणायचे. उंच, गडगडाटी आवाजाचा, आणि घरी बारा बोअरची बंदूक असल्याची दर दोन वाक्यांनंतर आठवण करून देणारा. बाबांना ठेला सोडून येणं जमेना, म्हणून त्यांनी भाचीच्या साक्षगंधाला पानांची एक मोठी टोपलीच पाठवली. कात आमचा, चुना आमचा, सुपारी तीन तऱ्हेची. टोपली मांडीवर घेऊन मी आणि आई एसटीनं गेलो. साक्षगंध छान झालं. पाटवडीचा रस्सा असा झाला होता की ठेकेदारानं दोनदा वाटी पुढे केली आणि तिसऱ्यांदा मामीनंच न विचारता ओतला. पाहुणे मुक्कामाला राहिले, कारण ठेकेदाराला सकाळी मामाचं धनुष्य चालताना बघायचं होतं. व्याह्याला तिकडं इवाई म्हणतात. "इवाई, दाखवा तर एकदा," तो म्हणाला, "हमारी बंदूक बडी, का तुमची काडी बडी, पाहू." मामा नुसता हसला. सुमननं मला कोपऱ्यात ओढलं. "मंदे, तू जा त्यायच्यासंगं. काय काय बोलते तो, सगळं येऊन सांग मले."

पहाटे दोन बैलगाड्या निघाल्या. मामीनं वाटेत तोंडं चालावीत म्हणून बाबांची टोपली गाडीत ठेवून दिली, आणि ठेकेदार, त्याचा साळा आणि बाकी पाहुणे एकामागून एक विडे कोंबत राहिले. सगळ्यांची तोंडं लाल, दोन्ही बाजूंनी पिचकाऱ्या. गावातले चारपाच गडीही होते, त्यांनीही फुकटचं पान सोडलं नाही. तुरीच्या कडेला गाड्या थांबल्या. मामा एकटा बांधाआड वाकून पुढे गेला. थोड्या वेळानं सागाच्या बाजूनं चितळं आली. पुढे दोन माद्या, मागे मोठा नर, शिंगं अशी की मला क्षणभर वाटलं, बाण मारू नये. नरानं तुरीत तोंड घातलं. मामा उठला, दोरी ओढली, बाण सोडला. ठप्प असा एक जाड, ओला आवाज आला, आणि नर उंच उडून चढाकडे सागात घुसला.

"लागला," मामा आमच्याकडे वळून म्हणाला.

"कुठी लागला?" ठेकेदार मोठ्यानं हसला. "उडून गेला ना तुमचा बाण तुरीत! मी पाह्यला."

"लागला, इवाई. छातीत. आवाज ऐकला म्या."

"अरे, आवाज तर माह्या बंदुकीचा राहते!" आणि सगळे हसले. मला त्या माणसाचा इतका राग आला की विचारू नका.

मामानं धनुष्य वाकवलं, दोरी काढली, गुंडाळून कमरेला खोचली आणि बांधावर बसला. त्या गावचा रिवाज मला तेव्हा कळला. जखमी जनावर सापडेपर्यंत धनुष्याला दोरी चढवायची नाही. दिवस मावळायच्या आत सापडलं नाही, तर ते धनुष्य मोडायचं आणि ज्याच्या हातून जनावर तळमळत सोडलं गेलं त्यानं परत बाणाला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ज्याचा बाण त्यानं स्वतः माग काढायचा नाही. "ज्यानं मारला त्याले पाहिजे तेच दिसते," मामा मला म्हणाला. "दगडावर पण रगत दिसते त्याले. म्हणून दुसऱ्यानं पाहायचं." म्हणजे आता त्याचं धनुष्य, त्याची राखण, खळ्यावरचं धान्य, आणि उन्हाळ्यातलं सुमनचं लग्न, सगळं दुसऱ्यांच्या डोळ्यांवर होतं. आणि ते दुसरे कोण, तर ठेकेदार आणि कंपनी!

मामा त्यांना हात जोडून म्हणाला, "जरा थांबा. त्याले बसू द्या कुठीतरी. आता मागं लागले तर तो अजून पळंल." पण ऐकतो कोण? ठेकेदार, साळा, पाहुणे, गडी, सगळे हो हो करत सागात घुसले. मी मामाजवळ बसले. सूर्य वर आला, तुरीवरचं दव वाळलं, आणि मामानं एकदाही जंगलाकडे बघितलं नाही. मामी डोक्यावर शिदोरी घेऊन आली, भाकरी, भरीत, ठेचा. मामानं भाकरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

दुपारी मंडळी परत आली, घामाघूम. ठेकेदार आता हसत नव्हता, खरं सांगायचं तर त्याचा चेहरा पडलेला होता. "इवाई, तुमचं खरं होतं. लागला होता. रगत भेटलं आमाले, गंज रगत, जिकडंतिकडं. पूरा जंगल फिरलो त्याच्या मागं." त्यानं हातानं मोठा गोल काढला. "सागातून वर, तिथून टेकडीले वळसा घालून, मग खाली सडकेवर, आणि सडकेनं सरळ आपल्या बैलगाडीपाशी. तिथी खतम. सडकेनं पळाला असंल तो. थोडासा खरचटला असंल. आता काय भेटते?"

मामानं मान खाली घातली. गड्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "बैलगाडीपाशी तर सगळ्यात जास्त होतं." मला ते ऐकून काहीतरी खटकलं. जखमी चितळ माणसांनी भरलेल्या गाडीजवळ कशाला येईल? आणि आलं तर बैल उधळले नसते? मी उठले आणि गाडीपाशी गेले. चाकाशेजारी सागाची पानं लालेलाल झालेली. मी एक उचललं, नाकाजवळ नेलं, नखानं खरवडलं. काठ तपकिरी, मध्ये सुपारीचा तुकडा. आमचा कात! बाबांच्या हातचा, मी आणि आईनं गाळलेला! मला असं हसू फुटलं की मी चाकाला धरून खालीच बसले. मामीला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

"काकाजी," मी ठेकेदाराला म्हटलं, आणि आवाज मुद्दाम खाली केला नाही, "हे रगत नाई. हे तुमचं पान आहे. सकाळपासून तुम्ही आपल्याच पिंकेच्या मागं फिरून राहिले."

मग गड्यांमधला एक जण फिस्कन हसला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. ठेकेदार तांबडा झाला. "काय बोलून राहिली वं ही पोट्टी? रगत आणि पान समजत नाई का आमाले?"

"समजत असतं तर गोल काहून फिरले असते तुम्ही?" मी म्हटलं. मामी मागून माझी वेणी ओढत होती, पण आता मी थांबणार नव्हते. मी बोट ओलं करून त्या पानावर घासलं, डाग हलला नाही, आणि ते पान त्याच्यापुढे धरलं. "रगत असं धरत नाई. हे कातानंच होते. माह्या बापाचा ठेला आहे बर्डीवर, जन्मभर हेच पाहिलं म्या." हे मी आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता, भर माणसांत आणि ओरडून सांगितलं.

मामा बांधावरून म्हणाला, "मंदे, तू जा. मामीले संग ने." त्यानं बोटानं नर जिथं उभा होता ती तूर दाखवली, आणि परत जमिनीकडे बघत बसला. ठेकेदारानं तोंडातलं पान बोटानं काढून रुमालात बांधलं, आणि बाकीच्यांनाही डोळ्यांनी तसंच करायला लावलं. तेवढं मात्र त्याला कळलं.

मी आणि मामी त्या जागेपासून निघालो. काय सांगू, सगळं जंगल पानानं रंगवलेलं! दर चार पावलांवर लाल. मी वाकायची, बघायची, पुढे जायची. "हे कात. हेही कात. हे ठेकेदार, कच्ची सुपारी. हा त्याचा साळा, तंबाखूवाला. हा गड्यांपैकी कुणी, ह्याला चुना झोंबला आहे." मामी आधी हसत होती, मग हसायची थांबली. "मंदे, खरं रगत हाये का नाई कुठी?" मलाही तीच भीती वाटत होती. सागाच्या आत बरंच गेल्यावर पायाखाली तर सगळं कातच कात, आणि मी कंटाळून मान वर केली तेव्हा मला ते दिसलं. उंच वाळलेल्या गवताच्या काडीवर, माझ्या कमरेपर्यंत, बाजूनं पुसल्यासारखा एक लाल पट्टा. मी बोट ओलं करून लावलं. ते पाण्यासारखं विरघळलं आणि सुटून आलं. डाग राहिला नाही. पुढच्या काडीवर थोडा फेस वाळलेला, फिका गुलाबी.

"मामी, एवढ्या उंचीवर कोण थुंकते वं?"

मामीनं पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "इवाई उंच हाये, पण असा आडवा नाई थुंकत," ती म्हणाली, आणि मग मला मिठी मारून रडायला लागली. "छातीचं हाये ते, मंदे. फेसाचं. त्यायनं बरोबरच सांगितलं होतं." मी म्हटलं, "मामी, रडणं मागाहून. सूर्य पाह्य कुठी गेला."

खाली बघायचं आम्ही सोडूनच दिलं. गवताच्या काड्या, झुडपांच्या बाजू, सागाच्या खोडाची साल, जिथं चितळाची बरगडी घासली जाईल तेवढ्याच उंचीवर बघत चाललो. मंडळी सरळ वर टेकडीकडे गेली होती, आणि त्यांच्या पिंकांनी तोच रस्ता पक्का केला होता. नर मात्र ह्या गवतापासून उलटा वळून खाली नाल्याकडे उतरला होता. उतारावर काड्या दाट होत्या, दर दोनतीन काड्यांवर लाल. मला पुढची पावलं पळत टाकायची होती, पण मामीनं मला मनगटाला धरून ठेवलं. नाल्यापाशी गवत संपलं, नुसते दगड आणि वाळू, आणि माग संपला. तिथं मला पहिल्यांदा रडू आलं. ऊन तिरपं झालं होतं. मामी गुडघ्यांवर बसून वाळू चाचपत होती. मी पलीकडच्या बोराटीच्या जाळीकडे बघत होते, ऊन आणि सावलीचे ठिपके, पांढरे पांढरे. मग वारा आला, सावली हलली आणि ते ठिपके हलले नाहीत. त्या ठिपक्यांच्या वर एक राखाडी पीस उभं होतं. बाणाचं पीस.

मी काट्यांत शिरले, हात फाटले, काही कळलं नाही. नर एका कुशीवर पडलेला, मान लांब करून, जणू पाणी प्यायला वाकता वाकता झोपला असावा. बाण पुढच्या पायामागं पिसापर्यंत रुतलेला, मामानं सांगितलं अगदी तिथं. फार तळमळला नव्हता बिचारा, आजूबाजूची मातीही उकरलेली नव्हती. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, इतकं सुंदर जनावर. आणि त्याच वेळी माझ्या छातीतून असा आनंद वर आला की मला तो आवरेना. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, आणि आज म्हातारपणी मला त्यात काही चूक वाटत नाही. मी नाल्याच्या काठावर चढले आणि गळा फाटेपर्यंत ओरडले, "मामा! लागला! लागला गा मामा, लागला!"

पहिला कोण धावत आला असेल? ठेकेदार! धोतर खोचून, काट्यांतून, साळ्याला मागं टाकून. त्यानं बाण पाहिला, जागा पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, माह्यापाशी बंदूक हाये, पण असा नेम नाई." गड्यांनी बांबू तोडला, चितळाचे पाय बांधले, आणि बांबूचं पुढचं टोक ठेकेदारानं दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. जावयाचा बाप, उद्याचा व्याही, नवं धोतर रक्तानं माखलेलं, आणि सगळ्या वाटेनं ओरडत चाललेला, "लागला होता! माह्या इवायाचा बाण लागला होता!" सकाळी ज्या आवाजाचा मला राग आला होता, तोच आवाज मी त्या संध्याकाळी अजून मोठा व्हावा म्हणत होते. गावातली माणसं ऐकून शेतांतून धावत आली. लहानथोर, बायका, कुत्री, सगळी वरात.

मामा बांधावरच होता. सगळं ऐकूनही तो उठला नव्हता. चितळ त्याच्या पायाशी आणून ठेवलं तेव्हा उठला. वाकून बाणाच्या भोवती बोट फिरवलं, त्याच्या मानेला हात लावला, आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसलंही नाही त्यानं. त्यानं कमरेची दोरी काढून माझ्या हातात दिली. "ज्याचा हात पयला लागला त्यानं चढवायची," तो म्हणाला. मी म्हटलं, "मामा, मले नाई जमणार." "वाकवतो मी. तू चढव." त्यानं चांगल्या पायाचा गुडघा लावून धनुष्य वाकवलं आणि मी दोरीचा फास वरच्या टोकाच्या खाचेत बसवला. माझी तपकिरी बोटं सगळं गाव बघत होतं, आणि मला ती लपवावीशी वाटली नाहीत. मामानं दोरी ओढून सोडली. ती वाजली. ठेकेदारानं अशी आरोळी ठोकली की बैल दचकले.

सूर्य झाडांना टेकला होता. मामी डोळे पुसत पुढे आली, धनुष्य घ्यायला हात पुढे केला आणि म्हणाली, "आज तरी घरी निजा जी. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाई. पाहुणे हायेत, जेवण हाये."

"जेवतो ना," मामा म्हणाला. धनुष्य त्यानं खांद्याला अडकवलं आणि तुरीकडे पाहिलं. "जेवून मग तुरीवर जातो. राखणदार आहो मी ह्या गावचा."

आणि जेवून तो गेला.